कल्याणकारी राज्य आणि गोवा : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार वृद्धत्व, आजारपण, बेकारी अशा प्रसंगी नागरिकास साहाय्य करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. मात्र ते आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये कल्याणकारी राज्याची उदारमतवादी, परंपरावादी व सामाजिक लोकशाहीवादी अशी तीन प्रारूपे मांडली. बाजारावर विसंबून न राहता माणूस कितपत जगू शकतो, ही त्यांची एक प्रमुख कसोटी होय. नव्या काबिजादीतील पेडणे व डिचोली हे तालुके या कसोटीवर पाहिल्यास गोव्याच्या प्रारूपाचे गुणदोष स्पष्ट होतात.

बलस्थाने : १९६३ मध्ये सत्तेवर आलेल्या दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि कुळास मालक मानणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्यास जमिनीचा व राहणाऱ्यास घराचा आधार मिळाला. हा लाभ दरमहा मागावा लागत नव्हता. उणीव अंमलबजावणीत होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढल्याविना हक्क अपुराच राही.

पुढे भर रोख साहाय्यावर आला. २००१ च्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने वृद्ध, एकल महिला व दिव्यांग यांना मासिक अर्थसाहाय्य दिले. २०१२ मधील गृह आधार योजनेत १,००० रुपये गृहिणीच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. घरात तिच्या हाती स्वतःचा पैसा आला, हे यश लहान नव्हे.

मर्यादा : गृह आधारचा एक उद्देश महागाईची झळ कमी करणे हा होता. तरीही रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडली गेली नाही. ती वाढली ती सरकारच्या मर्जीने. हक्काऐवजी उपकाराची भावना येथूनच रुजते. शिवाय १५ वर्षांच्या वास्तव्याच्या अटीमुळे परप्रांतीय मजूर या कक्षेबाहेर राहतो.

खरी परीक्षा डिचोलीत झाली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द होऊन पुन्हा थांबल्या. सरकारने खाणअवलंबितांसाठी अर्थसाहाय्य व कर्जसवलतीच्या योजना आणल्या. परंतु ज्याच्या नावे ट्रकची नोंद होती, त्याचे नुकसान मोजता येत होते. हमरस्त्यावरील चहावाल्याचे वा टायर दुरुस्त करणाऱ्याचे मोजणे कठीण होते. ज्या व्यवसायातून राज्याला महसूल मिळतो, तोच बुडाला की मदतीची गरज वाढते आणि त्याच वेळी तिजोरी आटते. अनुच्छेद ४१ मधील ‘कुवत’ नेमकी अशा वेळी अपुरी पडते.

निष्कर्ष : २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. हा विचार मासिक अनुदानापेक्षा दूरचा आहे, कारण संपणाऱ्या संपत्तीतून टिकणारा आधार उभा करणे हा त्याचा हेतू आहे. पेडण्यात २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथेही हाच प्रश्न आहे. एका व्यवसायावर तालुका विसंबला, तर डिचोलीची पुनरावृत्ती टळणार नाही. रोख साहाय्य आवश्यकच आहे. मात्र शाळा, जमीन व निधी यांची जागा ते घेऊ शकत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘कल्याणकारी राज्य’ हा घटक शिकविताना विद्यार्थ्यांनी आपल्याच वाड्यावरील लाभांची या तीन अंगांनी पडताळणी केली, तर पाठ्यपुस्तकातील प्रारूपांना अर्थ प्राप्त होईल.