निष्क्रिय बिनतारी संवेदक : उपयोजनाच्या दाव्यांची चिकित्सा

निष्क्रिय बिनतारी संवेदकात विद्युतघट नसतो. वाचकयंत्राच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच त्यास ऊर्जा मिळते. वेटोळे व धारित्र यांच्या मंडलाची अनुस्पंदन वारंवारता दाब वा ओलाव्यानुसार बदलते आणि तो बदल बाहेरून टिपता येतो. फास्टॅग याच कुळातील, परंतु तो ओळख सांगतो, मोजमाप करीत नाही. लोकप्रिय लेखनात हा भेद सर्रास पुसला जातो.

काँक्रीटमधील सळ्यांचा गंज वेळीच कळावा, हा या संवेदकांचा महत्त्वाचा उपयोग सांगितला जातो. आचोळ्यासारख्या खाऱ्या हवेतील दाट वस्तीत त्याचे मोल उघड आहे. मात्र ओले काँक्रीट लहरी शोषते, सळ्या अनुस्पंदन बिघडवतात. शिवाय खोलवरचा संवेदक काँक्रीट ओततानाच बसवावा लागतो. खरी अडचण येथेच आहे. आचोळ्यातील अग्रवाल नगरीच्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयीन आदेशानंतर पाडल्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तीही इमारत अनधिकृतच होती. मंजुरीच टाळणारा विकासक संवेदक बसवील, हे संभवत नाही. उभ्या इमारतींबाबत अर्धघट विभव व श्राव्यातीत चाचणी यांचाच आधार घ्यावा लागतो आणि त्यासाठी अभियंत्याला घराघरांत जावे लागते.