नामयाची दासी : एका मुद्रेचा विचार

हिंगोलीहून निघालेला यात्रेकरू कयाधूकाठी नरसीस नामदेवरायांचे दर्शन घेतो आणि पुढे औंढ्यास नागनाथाच्या देवळात जातो. या दोन स्थानांना जोडणारी कथा आमच्या जिल्ह्यातील मुलाबाळांसही पाठ असते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे मस्तक पारखले, नामदेवांचे मडके कच्चे ठरले, आणि त्या बोलाने व्यथित झालेले नामदेव पुढे औंढ्यास विसोबा खेचरांपाशी गुरूपदेश पावले. कथेतील एक धागा मात्र सांगणाराच्या हातून बहुधा निसटतो. मडकी पारखा, असे गोरोबांस सुचविले ते मुक्ताबाईंनी. नामदेवांचा जन्म १२७० चा व मुक्ताबाईंचा १२७९ चा मानला जातो. म्हणजे नऊ वर्षांनी धाकट्या असलेल्या मुलीने एका मान्यता पावलेल्या कवीच्या अहंतेवर बोट ठेवले आणि त्याला पुढची वाट घ्यावयास लावले. ही केवळ आख्यायिका आहे असे धरले, तरी मराठी परंपरेने एका मुलीस परीक्षकाचे आसन दिले होते, एवढे तीवरून खचित दिसते. उत्तरकाळाने ते आसन हळूच काढून घेतले आणि तिला ज्ञानदेवांची धाकटी बहीण एवढेच करून ठेविले.

स्त्रीचे वाङ्मय वाचण्यापूर्वी ती कोणाची कोण हे विचारण्याची ही आमची खोड किती खोल गेली आहे, हे पाहावयाचे तर जनाबाईंच्या अभंगांकडे वळावे. त्यांचे गंगाखेड आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही गावे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच परभणी जिल्ह्यात होती. तथापि एक गाव कवीचे आणि दुसरे त्याच्या दासीचे, अशीच विभागणी लोकांच्या मनात जिल्ह्यापूर्वीच झालेली आहे. शासनाने १९७० साली नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली, तीतच जनाबाईंच्या अभंगांनाही जागा मिळाली. जनाबाईंच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या नाहीत असे नव्हे. परंतु गाथेतील ही व्यवस्था कोणास खटकली नाही, कारण ‘नामयाची दासी’ अशी मुद्रा त्यांनी स्वतःच घातली आहे, असे उत्तर तयार होते.

हे उत्तर वरवर बिनतोड वाटते, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. आपल्या नावापुढे गुरूचे नाव ठेवणे ही संतांची सर्वसामान्य रीत होय. एकनाथांनी जन्मभर ‘एका जनार्दनी’ हीच मुद्रा वापरली. म्हणून एकनाथांना जनार्दनस्वामींची पडछाया कोणी म्हटले आहे काय? त्यांचे अभंग जनार्दनस्वामींच्या नावाच्या ग्रंथात कोणी शोधतो काय? एकनाथांच्या नम्रतेस आपण नम्रता म्हणतो. जनाबाईंच्या नम्रतेस मात्र आपण त्यांची पायरी समजतो. विनय एकच, पण पुरुषाच्या ठायी तो भूषण ठरतो आणि स्त्रीच्या ठायी तिच्या विरुद्ध दिलेला कबुलीजबाब ठरतो. जनाबाई खरोखरच घरकामास ठेवलेल्या होत्या, हा भेद कोणी पुढे करील. तो आम्हांस मान्य आहे. किंबहुना तोच आमचा मुद्दा आहे. त्यांनी घरातील चाकरीचा शब्द उचलून कवितेची मुद्रा केली, आणि टीकाकारांनी त्या मुद्रेची पुनः चाकरी केली.

या दासीची वाणी दासीची नव्हेच. ती देवाशी भांडते, त्याला शिव्या देते. डोईवरचा पदर खांद्यावर आला असता तशीच भर बाजारात जाईन, असे ती बजावते. स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खिन्न होऊ नये, असे ती स्पष्ट सांगते. परंतु आमच्या टीकेने पदराचे रूपक केले, शिव्यांचे प्रेम केले, आणि धीराच्या बोलाचा उपदेश केला. जे जे टोचणारे होते, ते सारे भक्तीच्या कापसात गुंडाळून ठेविले.

त्यांतही एका अभंगाकडे वाचकांचे लक्ष विशेष वेधावेसे वाटते. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादीच जनाबाईंच्या नावावरील या अभंगात येते. ज्ञानदेवांना सच्चिदानंदबाबा आहेत, चोखोबांना अनंतभट्ट आहेत. प्रत्येकास कोणी ना कोणी हाडामांसाचा लेखक लाभला आहे. जनीचे अभंग मात्र प्रत्यक्ष पांडुरंग लिहितो. आजवर हा चमत्कार म्हणून वाचला गेला. आम्हांस त्यात एका वस्तुस्थितीची नोंद दिसते. दळता दळता रचणाऱ्या बाईचे शब्द टिपावयास माणसांपैकी कोणी बसले नव्हते. म्हणून देवास लेखणी घ्यावी लागली.

लेखणीची ही अडचण यादव काळाबरोबर संपली असे कोणी समजू नये. बहिणाबाई चौधरींची गाणी चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि ग्रंथरूपाने आली ती १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. ताराबाई शिंदे यांना तर लिहिता येत होते. त्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापली गेली; पण वाचकांपुढे ती पुनः यावयास १९७५ साल उजाडावे लागले आणि स. गं. मालशे यांस ती हुडकावी लागली. मध्ये ९३ वर्षे गेली! जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नाने गाणारीच्या नावागावासह नोंदल्या गेल्या, ही अलीकडची समाधानाची गोष्ट. तोवर त्या सर्व ‘लोकगीत’ या निनावी कोठारात जमा होत्या.

आता स्थिती पालटली, स्त्रिया लिहितात, छापतात, असे म्हणणारांस आम्ही दोनच आकडे दाखवू. मराठी साहित्यसंमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. आणि २०२५ साली दिल्लीस भरलेल्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्षा तारा भवाळकर या केवळ सहाव्या. दुसरा आकडा घरातला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे गेलेली आढळली, तर तशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. पहिल्या आकड्याचे एक कारण दुसऱ्यात नसेल काय? लिहिण्यास वेळ लागतो, आणि तो कोणाच्या तरी घरकामातूनच वाचवावा लागतो.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आमचा स्वतःचा दोष सांगणे प्राप्त आहे. ‘नामदेवांचा जनाबाईवरील प्रभाव स्पष्ट करा’ हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे परीक्षेत घातला. त्यातील ‘नामदेवांचा’ हे आदरार्थी आणि ‘जनाबाईवरील’ हे एकेरी, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. एके दिवशी वर्गात आम्ही देव जनाबाईंना दळू लागला, शेणी वेचू लागला, हा भाग मोठ्या रसाने सांगत होतो. मागच्या बाकावरील, बसने रोज खेड्यातून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, देव आला ते खरं, पण घरात एवढी माणसं होती, त्यातलं कुणी का नाही उठलं?” परंपरा नामदेवांच्या घरी जनाबाईंसह पंधरा माणसे सांगते. आम्हांपाशी उत्तर नव्हते. तास संपेतो आम्ही अद्वैतभक्तीविषयी बोलत राहिलो.

त्या मुलीने विचारले, तीच खरी टीका होय. देवाला जात्यावर बसविणारी कविता ही भक्तीची कविता तर आहेच. शिवाय जात्याजवळ न फिरकलेल्या सर्वांविरुद्ध ती एक साक्षही आहे. ती साक्ष सातशे वर्षे आपण भजनात गात आलो, पण ऐकली नाही. यापुढे आमच्या प्रश्नपत्रिकेत वेगळा प्रश्न असेल: ‘जनाबाईंच्या अभंगांतील श्रमाचे स्वरूप सांगून त्यांच्या काव्यकर्तृत्वाची चर्चा करा.’ एवढ्याने जग पालटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुक्ताबाईंनी उचलावयास लावलेले थापटणे अद्याप याच मुलुखात कोठेतरी पडून असावे, आणि ते आता आमच्यासारख्या विद्वान म्हणविणारांच्या मस्तकावर वाजविण्याची वेळ आली आहे. मडके कच्चे निघाले तर वाईट वाटावयाचे कारण नाही. नामदेवांचेही निघाले होते. आणि ते ऐकून घेतले म्हणूनच ते औंढ्यास पोचले.