प्रवासवर्णनातले सुटे पैसे

दिवाळी अंकाची अनुक्रमणिका उघडली की कथा-कवितांच्या मागोमाग एखादे प्रवासवर्णन असतेच असते. फराळाच्या ताटात शंकरपाळ्यांचे जे स्थान, तेच त्याचे. नसले तर चुकल्यासारखे वाटते; असले तर त्याची मुद्दाम वाखाणणी कोणी करीत नाही. मी मात्र ते आधी वाचतो. माणसारख्या मुलखात राहणाऱ्याला दुसऱ्याच्या गावचे पाणी कसे आहे याची उत्सुकता जरा अधिकच असते म्हणा ना!

आणि म्हणूनच माझी एक जुनी तक्रार आहे. आमच्या प्रवासवर्णनांत सुटे पैसे कधी सापडत नाहीत. लेखकमहाशय विमानातून उतरतात, हॉटेलात जातात, चित्रशाळेत चित्रांपुढे गंभीर होतात आणि संध्याकाळी नदीकाठी बसून मातृभूमीची आठवण काढतात. परंतु रजा किती दिवसांची होती, तिकिटाला काय पडले, काय पाहायचे ठरवले होते आणि काय परवडले नाही म्हणून सोडले, हे ते सांगत नाहीत. पैशांची गोष्ट काढणे म्हणजे जणू अरसिकपणा! वाचक बिचारा रसिक असूनही प्रवासाचा बेत करताना पहिल्यांदा पैशांचीच गोष्ट काढतो.

हा प्रश्न नुसत्या आकडेमोडीचा असता तर मी तो टीकालेखाचा विषय केला नसता. ज्याच्याजवळ तीनच दिवस आहेत आणि मोजकेच पैसे आहेत, त्याला निवड करावी लागते. निवड करायची तर आपल्याला काय पाहायचे आहे आणि का, हे आधी स्वतःला विचारावे लागते. प्रवासवर्णनातून खर्च गाळला की ही निवड गळते, आणि निवडीबरोबर लेखकही गळतो. उरते ती स्थळांची यादी.

आपली परंपरा अशी नव्हती. मराठीतले पहिल्या प्रतीचे प्रवासवर्णन ज्याने लिहिले, तो विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाला तो सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी नव्हे. घरी ओढग्रस्ती होती आणि उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता कानी आली होती. काकांच्या सोबतीने निघालेला हा भिक्षुक थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळवलेले वाटेत लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. हे सारे 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. या पुस्तकाचा जिवंतपणा कशात आहे? मला वाटते, गोडसेभटजींना प्रत्येक ठिकाणी आज जेवायचे कोठे आणि गाठीला किती उरले, याचे भान आहे. ज्याला आपल्या गाठोड्याची काळजी असते, त्याला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस नीट पाहावा लागतो. राजे-राण्यांकडे पाहतानाही त्यांची दृष्टी भाबडी होत नाही, ती त्यामुळेच.

पुढे आमचे लेखक समुद्र ओलांडू लागले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) आले आणि प्रवासवर्णनाला मोकळी, गप्पांची भाषा मिळाली. गंगाधर गाडगिळांनी 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) नेले. पाठोपाठ 'अपूर्वाई' (१९६०) आली आणि पु. ल. देशपांड्यांनी मध्यमवर्गीय मराठी घरालाच विलायतेस नेऊन आणले. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण ती ज्या काळात लिहिली गेली तो काळ आयुष्यात एकदाच परदेशी जाण्याचा होता. परकीय चलन मोजून मिळे. एकदा गेले की सारे युरोप पाहून यायचे, कारण पुन्हा कोण जातो? म्हणून त्या प्रवासाचे रूप कादंबरीचे होते. प्रस्थानाची धांदल, मध्ये राजधान्या आणि शेवटी घरची ओढ. ते रूप त्या काळाला शोभले.

आज परिस्थिती पालटली आहे. लीड्स, मँचेस्टर या गावी मराठी मुलेमुली नोकरीला आहेत. रुग्णालयांत डॉक्टर आहेत, कचेऱ्यांत संगणकावर बसणारे आहेत. त्यांचे आईवडील दोन-तीन महिने जाऊन राहतात. मुलांना सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारला जोडून एखादा दिवस. म्हणजे प्रवासाचे रूप आता लघुकथेचे झाले. प्रवासवर्णनकार मात्र अजून कादंबरीच्या थाटात लंडनपासून सुरुवात करतात, आणि ज्यांना तेवढा दम नाही ते 'पाहण्यासारखी दहा ठिकाणे' देऊन मोकळे होतात. इंग्लंडच्या उत्तरेकडे कोणी फिरकतच नाही. गंमत पाहा: इचलकरंजीला आपण 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतो, परंतु मूळ मँचेस्टर कसे आहे ते सांगणारी चार चांगली मराठी पाने शोधू म्हटले तर हाताला लागणे कठीण.

मला ती पाने गेल्या वर्षी हवी होती. माझी भाची लीड्सला असते. तिने कळवले, "मामा, आई-बाबा येताहेत. मला तीनच दिवस मोकळे आहेत आणि खर्च बेतानेच करायचा आहे. तुम्ही एवढं वाचता, तर बेत आखून द्या." बाबा म्हणजे आमचे दाजी, म्हसवडचे. बावीस वर्षांचे असताना ते मुंबईत गिरणीच्या थ्रॉसलखात्यात होते; १८ जानेवारी १९८२ चा संप झाला आणि ते गावी परतले. त्यांना मी विचारले, "दाजी, काय पाहायचंय?" ते म्हणाले, "आमच्या मशिनच्या बिडावर 'प्लॅट, ओल्डहॅम' असं कोरलेलं होतं. ते ओल्डहॅम कुठंशी येतं?"

या एका वाक्याने जो बेत ठरला, तो दहा स्थळांच्या याद्यांनी ठरला नसता. ओल्डहॅम मँचेस्टरला लागूनच आहे, आणि प्लॅट बंधूंच्या कारखान्याची सूतयंत्रे मुंबईच्या गिरण्यांत खरोखरच आली होती. तेव्हा सूत हेच सूत्र धरले. मुक्काम लीड्सलाच, म्हणजे निवासाचा खर्च नाही. पहिला दिवस मँचेस्टरचा. लीड्सहून आगगाडीने तासाभराची वाट. तिकडे गाडीचे तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते आणि सकाळची कचेरीची गर्दी ओसरल्यावरच्या गाड्यांना दर उतरतो, एवढे ध्यानात ठेवले की अर्धी काटकसर झाली. मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालये २००१ पासून सर्वांस विनामूल्य आहेत. त्याच आवारात लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाचे १८३० सालचे स्थानक आहे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली, म्हणजे त्यानंतर तेवीस वर्षांनी.

दुसरा दिवस लोकरीचा. लीड्सहून पाव तासावर, ब्रॅडफर्डजवळ, सॉल्टेअर आहे. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने आयर नदीकाठी १८५३ साली गिरणी उघडली आणि तिच्याभोवती मजुरांसाठी घरे, शाळा, रुग्णालय असे आखीव गावच वसवले. दारूचा गुत्ता मात्र ठेवला नाही. २००१ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. गिरणी बंद पडली. तिच्या दालनांत आज ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनी या चित्रकाराची चित्रे टांगली आहेत आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. तिसरा दिवस यॉर्कचा: अर्ध्या तासाची गाडी, विनामूल्य रेल्वे संग्रहालय आणि साधारण साडेतीन किलोमीटरचा जुना तट पायी फिरणे. तेथील मोठ्या चर्चला तिकीट आहे; ते बाहेरून पाहायचे ठरले. लिव्हरपूलही गाळले. अक्का थोडी हिरमुसली, पण तीन दिवसांत चार शहरे कोंबली तर आठवणीत फक्त फलाट उरतात.

या बेतात सुटे पैसे मोजता मोजता इतिहासाची एक गाठ हाती येते. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. तिकडचा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात येईनासा झाला आणि लँकेशरच्या गिरण्यांत मजुरांवर उपासमार ओढवली. त्याच वेळी आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडून मुंबईत सोन्याचा धूर निघाला. युद्ध संपले, १८६५ साली मुंबईच्या पेढ्या कोसळल्या. एकाची दिवाळी ती दुसऱ्याचे दिवाळे, असा हा हिशेब. पुढे मुंबईच्या गिरण्या वाढल्या. साताऱ्याच्या दुष्काळी भागातून माणसे तेथे गेली. मग लँकेशर विझले, आणि त्यानंतर गिरणगावही. दाजींना ते बंद पडलेले यंत्र पाहताना जे दिसणार, ते राजधानीतला राजवाडा पाहताना दिसले नसते. उत्तरेकडची ही शहरे 'पाहण्यासारखी' नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कोणाच्या डोळ्यांनी पाहायची याचा विचार केलेला नसतो.

हाच न्याय आता आमच्या माणला लावून पाहू. पुण्या-मुंबईचे लेखक दोन दिवसांसाठी इकडे येतात आणि परत जाऊन 'उजाड माळ', 'रखरखीत ऊन', 'साधीभोळी माणसे' एवढे लिहितात. विशेषणे तीन, पाने बारा! हे मलाच वाचायचे असल्याने मला त्याचा कंटाळा आला आहे. माणदेशाकडे कसे पाहावे हे व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) लिहून केव्हाच दाखवून दिले. बनगरवाडीचा मास्तर गावात पायी येतो आणि नोकरीपुरते का होईना, गावचे देणेघेणे स्वतःच्या अंगावर घेतो. माडगूळकर पुढे ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा त्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे'. माणदेशी दृष्टी बरोबर नेल्याखेरीज असे नाव सुचत नाही.

माणचा दोन दिवसांचा बेत काही अवघड नाही. साताऱ्याहून पंढरपूरच्या वाटेवर एस.टी. पकडावी, मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धे आहे. दहिवडी करून गोंदवल्यास उतरावे. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या (१८४५–१९१३) समाधिमंदिरात दुपारच्या पंगतीला कोणी कोण-कुठला विचारीत नाही. पुढे माणगंगेच्या काठी म्हसवडचे सिद्धनाथाचे देऊळ. मार्गशीर्षातली जत्रा साधली तर फारच उत्तम. दुसऱ्या दिवशी शिखर शिंगणापूर. चैत्रात मुंगी घाटातून कावडी वर चढतात तो देखावा एकदा तरी पाहावा. वाटेत धनगरांची मेंढरे भेटतीलच. त्यांची लोकर भरड. तिची घोंगडी होते, ब्रॅडफर्डचे सुटाचे कापड होत नाही. पण दोन्हीकडे लोकरीनेच माणसांना पोसले, हे सॉल्टेअर पाहून आलेल्याला सांगावे लागणार नाही.

हा प्रवास स्वस्त आहे. मात्र येथे माझी खरी तक्रार सुरू होते. स्वस्त प्रवासाचा उरलेला खर्च कोणीतरी भरीत असते. इंग्लंडातले विनामूल्य संग्रहालय तिकडच्या करदात्याच्या पैशावर चालते. गोंदवल्याच्या पंगतीमागे दात्यांचे धान्य आणि सेवेकऱ्यांचे हात असतात. आणि माणात पाहुण्यासाठी काढलेली आंघोळीची बादली कोणाच्या तरी हंड्यातून आलेली असते. हा मुलूख पर्जन्यछायेतला. अलीकडे उपसा योजनांचे पाणी काही शिवारांत पोचले आहे. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेतच. येथे खर्चाचे खरे नाणे रुपया नव्हे, पाणी आहे. ते नाणे ज्याने ओळखले नाही, त्याने माणवर लिहिलेल्या बारा पानांत माण नाही. म्हसवडच्या बायकांना हे हिशेब शिकवावे लागत नाहीत. १९९७ साली त्यांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. लेखकांनाच ते शिकायचे आहेत.

कोणी म्हणेल, असे हिशेब मांडले तर प्रवासवर्णनातले काव्य जाईल. मला तशी भीती वाटत नाही. गोडसेभटजींचे गेले नाही. उलट, परवडले नाही म्हणून बाहेरूनच पाहिलेल्या चर्चविषयी एखाद्याने मनापासून लिहिले, तर आत जाऊन आलेल्यांच्या वर्णनाहून ते मला अधिक खरे वाटेल. जे सोडावे लागले त्याची हुरहूर हाही प्रवासाचाच भाग आहे, आणि आपल्याकडे तो जवळजवळ अलिखित आहे.

म्हणून या दिवाळीत फराळ आटोपून घरोघर सुट्टीचे बेत सुरू होतील, तेव्हा पोरांच्या हाती एक शंभर पानी वही द्यावी. डाव्या पानावर जमाखर्च आणि उजव्या पानावर पाहिलेले. दोन्ही पाने एकाच हाताने भरायची. परत आल्यावर जे कोणी ती वही नीट उतरवून काढील, त्याचे प्रवासवर्णन पुढच्या वर्षीच्या अंकात मी सर्वांआधी वाचीन.