धर्मांतर आणि मनांतर : तीन आत्मकथनांतील क्रम

ख्रिस्ती धर्मांतराविषयीच्या मराठी लेखनाचा विचार करताना आपल्याकडील समीक्षेने धर्मांतराच्या घटनेवर जितका भर दिला, तितका त्यामागील मनोव्यापारावर दिलेला नाही. बाप्तिस्म्याला तारीख असते, साक्षीदार असतात, नोंद असते. अंतःकरणाच्या पालटाला यांतले काहीच नसते. त्याचा पुरावा असलाच तर तो भाषेत शोधावा लागतो.

ही अडचण शब्दापासूनच सुरू होते. नव्या करारातील 'मेटानोइया' ही ग्रीक संज्ञा मन पालटणे, विचाराची दिशाच बदलणे असा अर्थ सुचविते. मराठी बायबलात तिच्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ झाला. त्यात मागील कृत्यांबद्दलची जळजळ आहे. नव्या दिशेला लागण्याचा अर्थ मात्र क्षीण आहे. आत्मकथनकारांना ही उणीव कथनातून भरून काढावी लागली, असे म्हणता येईल.

बाबा पदमनजी (जन्म 1831), पंडिता रमाबाई (1858-1922) आणि लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) यांची आत्मकथने एकत्र वाचली असता मनांतर आणि धर्मांतर यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा असल्याचे दिसते. 'अरुणोदय'मध्ये (1888) प्रथम बुद्धीला पटते. परमहंस मंडळीतील वावर आणि मिशनच्या शाळेतील अध्ययन यांतून मत बनत जाते, पण घर व जात तुटण्याचे भय पाऊल रोखून धरते. 1854 मधील बाप्तिस्मा हा येथे श्रद्धेपेक्षा धैर्याचा क्षण आहे. रमाबाईंचा क्रम याच्या उलट आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. परंतु 1907 मधील इंग्रजी साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, ख्रिस्त नव्हे. तो अनुभव त्यांना काही वर्षांनी आला. धर्मांतर हे मनांतराचे प्रमाण नव्हे, हे धर्मांतरितानेच इतक्या निःसंदिग्धपणे सांगावे, ही लक्षणीय गोष्ट आहे.

'स्मृतिचित्रे' (1934-37) या दोहोंहून वेगळे आहे. अमरावती-अकोल्याकडील वर्गांत हे पुस्तक शिकविताना एक प्रश्न हमखास येतो : लक्ष्मीबाई केवळ नवऱ्यामागून गेल्या काय? नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला; लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. या अवधीत काही काळ त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि परत आल्यावरही त्यांनी सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी सांभाळले. ते सोवळे विटाळाच्या कल्पनेवरील विश्वास ढळल्यानंतरच सुटले. म्हणजे येथे पालट आधी स्वयंपाकघरात झाला आणि विधी मागाहून आला. पतीचे उदाहरण समोर होते हे खरे. पण नुसते अनुकरणच करायचे असते तर इतका विलंब आणि इतका झगडा कशासाठी?

या पालटाची भाषा विनोदाची आहे. समीक्षेने तो विनोद स्वभावविशेष म्हणून वाखाणला आणि तेथेच ती थांबली. वस्तुतः हसणारी लक्ष्मी व हसू आणणारी लक्ष्मी यांतील अंतर हेच मनांतराचे माप आहे. ज्या भयाने एकेकाळी जीव कासावीस झाला त्याच भयाकडे लेखिका निर्वैरपणे पाहू शकते. पश्चात्तापाच्या जळजळीवाचून आलेला हा पालट 'मेटानोइया'च्या मूळ अर्थाला अधिक जवळचा वाटतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तिन्ही लेखने घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली आहेत. 'अरुणोदय' आणि बाप्तिस्मा यांत 34 वर्षांचे अंतर आहे. तेव्हा पूर्वीचा 'मी' हा नंतरच्या श्रद्धावंताने रचलेला असणार. हे मान्य करूनही रचनेतील भेद उरतोच. तिघेही एकाच श्रद्धेपाशी पोहोचले असता क्रम एक नाही. साचा सर्वांसाठी एकच असता तर तो एक झाला असता.

वऱ्हाडातील अभ्यासकाला मात्र येथे थांबता येत नाही. अकोला हे अलायन्स मिशनचे केंद्र राहिले आहे; मेळघाटात कोरकूंमध्येही मिशनरी गेले. 1899-1900 च्या दुष्काळाच्या आगेमागे जे ख्रिस्ती झाले त्यांच्यावर 'पोटासाठी धर्म सोडला' असा शिक्का सहज मारला जातो. वरील तिघेही लिहिणारे होते, म्हणून त्यांच्या मनाची साक्ष आपल्यापुढे आहे. ज्याला अक्षर नव्हते त्याला अंतःकरणही नव्हते, असे मानण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला? भूक आणि श्रद्धा एकाच माणसात नांदू शकतात. ज्या प्रदेशात गाडगेबाबांनी कीर्तनातून मनाचा पालट आचरणावरून पारखावयास शिकविले, तेथे तरी कसोटी हेतूच्या संशयावर नव्हे, बदललेल्या जगण्यावर लावली पाहिजे. ते जगणे ग्रंथांत नसेल, तर मंडळ्यांच्या तोंडी आठवणींत, गीतांत, साक्षींत शोधावे लागेल. मराठी आत्मकथनाचा इतिहास त्यावाचून अपुराच राहील.