मागच्या सीटवरून महिंद्रा

दिंडोशीत गाड्यांवर बोलायचं तर श्रोते अर्धे तयारच असतात, कारण हायवेला खेटून राहणाऱ्या माणसाला गाड्या झोपेतसुद्धा ऐकू येतात. (हशा) आज महिंद्रा निवडली त्याला शेजाराचंही कारण आहे. इथून मेट्रोत बसलं की कुरार, मग आकुर्ली. तिथे उतरून आकुर्ली रोडला लागलं की महिंद्राचा कांदिवलीचा कारखाना. तिथे आज ट्रॅक्टर बनतात, मोटारी नाशिकला आणि चाकणला. पण घराणं आपल्या वस्तीतलं, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

गाडीचं परीक्षण करणारा माणूस नेहमी स्टिअरिंगमागे बसून लिहितो. इंजिन किती ओढतं, वळणावर कशी जाते, स्क्रीन किती इंची. आपल्याकडची बहुतेक माणसं मात्र आयुष्यभर मागे बसतात. आजी मागे बसते, पोरं मागे बसतात, लग्नाचं वऱ्हाड मागे बसतं. म्हणून मी आज महिंद्राच्या गाड्या मागच्या सीटवरून बघणार आहे, २०२४ पर्यंतच्या. सगळ्या नाही घेणार, कंटाळाल.

सुरुवात थोडक्यात. १९४५ साली कंपनी निघाली ती ‘महिंद्रा अँड महंमद’ म्हणून, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा हे नाव दोनदा आलं. अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपची जुळणी माझगावात सुरू झाली. पुढे विलिसची सीजे-३बी आली, उंच बॉनेटवाली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ ला थांबलं, आपल्याकडे ती नंतरही कितीतरी वर्षं निघत राहिली. पुढे तिच्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं गेलं. तेव्हा जीपचा आवाज शेतातल्यासारखा यायचा, तो काही भास नव्हता.

आता मुद्द्याचं. लांब जीपमध्ये मागे काय असायचं? दोन्ही अंगांना एकेक बाकडं. माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा, मधे पिशव्या, डबे, कोंबडीसुद्धा. वर ताडपत्री. फाळका खाली टाकायचा आणि मागून चढायचं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे या जीपगाड्यांना वडाप म्हणतात, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावाला बाजार, दवाखाना, तालुक्याची कचेरी या गाड्यांनी जवळ आणली. कमांडरमध्ये कागदावर माणसं किती आणि प्रत्यक्षात किती, हा हिशेब आपण करायचा नसतो. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर लटकलेला असायचा. मी त्या बाकड्याला नावं ठेवणार नाही. रस्ता खड्ड्यांचा, वेग तीस-चाळीसचा, आणि गरज एकच, की कोणी मागे राहू नये. त्या गरजेला ते बाकडं म्हणजे चोख उत्तर होतं. आरामदायक होतं असं कोणी म्हणणार नाही, पण त्यात खोटेपणा नव्हता.

टीकाकार म्हणून माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. १९९३ मध्ये आर्माडा आली, पत्र्याचं छप्पर, मोटारीसारखी दारं. २००० मध्ये त्याच सांगाड्याच्या घराण्यातून बोलेरो आली, आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ. स्कॉर्पिओचं मोठेपण मान्यच करायला हवं. परक्या परवान्यावर जगलेल्या कंपनीने स्वतःच्या हिमतीवर, सुमारे सहाशे कोटी रुपयांत एक नवी गाडी उभी केली. जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. ती दिसायला अशी भारदस्त, की आमदारापासून गल्लीतल्या भाईपर्यंत सगळ्यांनी तिला आपली मानली. शेजारच्या चित्रनगरीत तर खलनायक तिच्याशिवाय सेटवर येत नसावा. (हशा)

पण तिचा मागचा दरवाजा उघडून बघा. अनेक स्कॉर्पिओंत, आणि बोलेरोत तर हमखास, शेवटी तीच समोरासमोरची बाकडी. वडापचं बाकडं तसंच उचलून आत ठेवलं, फक्त रेक्झिनचं कव्हर चढवलं. बाकडं तेच राहिलं, वेग बदलला. या गाड्या आता एक्स्प्रेसवेवर शंभराने जात होत्या. पुढे तोंड करून बसलेल्या माणसाला धक्क्याच्या वेळी पट्टा छातीवर आणि कमरेवर धरतो. आडव्या बसलेल्याचं अंग बाजूला फेकलं जातं, मान आणि कंबर तिरकी पिळली जाते, आणि त्या बाकड्यावर नीट धरणारा पट्टा बहुधा नसतोच. आपण तिथे कोणाला बसवतो? पोरांना. ‘तुम्ही मागे बसा, मजा येईल.’

यावर कोणी म्हणेल, हे तेव्हा कुणाला कळत होतं? कळत होतं. शिवाय २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. वरच्या किमतीच्या स्कॉर्पिओत एअरबॅगा होत्या, हे खरं. पण याचा अर्थ असा, की जीव वाचवणारी वस्तू कंपनीकडे होती, ती फक्त पैसे जास्त देणाऱ्याला मिळत होती. त्या वेळचा कायदाही तेवढं चालवून घेत होता, हेही सांगायला हवं.

मधल्या काळातल्या काही गाड्या भराभर उरकतो. झायलो २००९ ची: मागच्यांचा विचार बरा केलेला, रूप मात्र असं की टॅक्सीवाल्यांनीच तिला खरी माया लावली. क्वांटो म्हणजे चार मीटरच्या आत आणून कर वाचवायला झायलोची मागची बाजू कापली, ते दिसतंच. केयूव्ही १०० चं न बोललेलं बरं. एक्सयूव्ही ५०० मात्र २०११ मधली मोठी उडी. तिची मागणी इतकी की गाड्या सोडतीने वाटायची वेळ आली. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागायचे, पण निदान तोंड पुढे होतं.

आणि २०१८ ची मराझो. माझ्या मते मागच्या सीटसाठी महिंद्राने केलेली ही सगळ्यात प्रामाणिक गाडी. थंड हवेची सोय छतातून मागपर्यंत नेलेली, बसायला ऐसपैस, गाडी शांत, आणि अपघात चाचणीत चार तारे. ती खपली नाही. त्याचा दोष सगळा कंपनीवर ढकलता येत नाही. आपल्याला रुबाब हवा असतो, आणि रुबाब समोरून दिसतो. मराझोचा गुण आत बसल्याशिवाय कळत नव्हता.

थारचं उदाहरण यापुढे ठेवा. नवी थार आली २०२० च्या गांधी जयंतीला. देखणी, दणकट, चार तारे. तिच्या स्वस्त आवृत्त्यांत पुन्हा समोरासमोरची बाकडी होती, ती काही महिन्यांतच यादीतून गेली. हा निर्णय योग्यच. पण मागे चढायला पुढची सीट दुमडून सर्कस करावी लागायची, आणि तरीही लोकांनी महिनोन्महिने वाट पाहिली. मागच्याला स्वतःचं दार मिळायला २०२४ चा १५ ऑगस्ट उजाडला, थार रॉक्सबरोबर. त्या बाबतीत तरी स्वातंत्र्यदिन सार्थ झाला म्हणायचा. (हशा)

तोवर कंपनी बदलली होती, हे श्रेय हात आखडून देऊ नये. एक्सयूव्ही ३०० ला पाच तारे, २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला पाच, २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. ज्या नावाला शून्य मिळालं त्याच नावाला सहा वर्षांत पाच. २०२२ च्याच सप्टेंबरात, याच हायवेने पुढे गेलं की लागणाऱ्या पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याविना गेले. ती गाडी परदेशी कंपनीची होती, महागडी होती. त्यानंतर मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. मागे कोण बसतं याची आठवण शहराला झाली ती अशी.

आता एप्रिल २०२४ ला या. ग्लोबल एनकॅपने बोलेरो निओ तपासली. एक तारा. लहान मुलांसाठीही एकच. ही निओ म्हणजे २०१५ ची टीयूव्ही ३००, नाव बदलून २०२१ मध्ये पुन्हा आणलेली. आणि त्याच वर्षी त्याच कंपनीची थार रॉक्स भारत एनकॅपमध्ये पाच तारे घेते. म्हणजे ‘जमत नाही’ हे उत्तर आता उरलेलं नाही. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आहेत, एकाच वर्षी विकायला आहेत.

बोलेरो कोण घेतं? ग्रामीण भागातला शेतकरी, ठेकेदार, छोटा दवाखाना, पोलीस ठाणं. जवळजवळ दशकभर ती देशात आपल्या वर्गात सगळ्यात जास्त खपली. या कंपनीचे वाईट दिवस तिने निभावले. त्या गिऱ्हाइकाने कधी मोठी स्क्रीन मागितली नाही. तो दुरुस्तीला सोपी, खड्ड्यात न रुतणारी, घरच्या सगळ्यांना नेणारी गाडी मागतो, जी मागणी वडापच्या माणसाची होती. त्याच्या वाट्याला एक तारा आणि मागे आडवं बाकडं, आणि शहरातल्या हप्तेवाल्याला पाच तारे.

शेवटी विजेच्या गाड्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई आल्या. पहिलीच्या नावातला ‘६ई’ इंडिगो विमान कंपनीला खटकला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि नाव नुसतं बीई ६ राहिलं. दोघींनाही पाच तारे. चालवणाऱ्याच्या भोवती विमानासारखी मांडणी केली आहे, ती मोहात पाडते. बीई ६ चं छप्पर मात्र मागे उतरत जातं, खिडकी अरुंद होत जाते. या गाडीचं चित्र काढणाऱ्याने पुढे बसून काढलं असावं.

प्रश्नांसाठी दहा मिनिटं आहेत. ज्यांच्याकडे बोलेरो आहे त्यांनी आधी हात वर करा.