‘मायकेल’ काव्यातील दरी : निसर्ग, मिरास आणि मेंढवाडा

वर्डस्वर्थविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्याचा आरंभ बहुधा ‘निसर्गकवी’ या एका पदवीने होतो आणि पुष्कळदा शेवटही तिच्यातच होतो. ही पदवी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखाद्या कवीला अशी पदवी एकदा चिकटली, की त्याच्या काव्यात डोंगर, ओढा आणि मेंढरे दिसताच वाचक निश्चिंत होतो. त्या डोंगरावर चरण्याचा हक्क कोणाचा, ती मेंढरे कोणाची, ओढ्याकाठची जमीन कोणाच्या नावावर, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत. ‘मायकेल’ या काव्याच्या बाबतीत हे विशेषच नडते. कारण या काव्यातील दरी ही प्रथम एक मिरास आहे. निसर्गदृश्य ती नंतर होते, आणि तेही मिरास बुडाल्यावर. प्रस्तुत लेखात एवढाच मुद्दा मांडावयाचा आहे.

काव्याची जन्मकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंग्लंडच्या वायव्येस सरोवरांचा जो डोंगरी प्रदेश आहे, त्यातील ग्रासमिअरच्या दरीत वर्डस्वर्थ आपली बहीण डॉरथी हिच्यासह डिसेंबर १७९९ मध्ये राहावयास आला. पुढील वर्षी ‘लिरिकल बॅलड्स’ची दुसरी आवृत्ती तयार होत असता कोलरिजचे ‘ख्रिस्ताबेल’ वगळावे असे ऑक्टोबरात ठरले आणि दुसऱ्या खंडात मोठी जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी जे लिहिले गेले ते ‘मायकेल’. डॉरथीच्या दैनंदिनीत ११ ऑक्टोबर १८०० रोजी नोंद आहे, की ती दोघे ग्रीनहेड ओढ्याच्या घळीने वर जाऊन एक पडका मेंढवाडा शोधून आली. काव्य वर्षअखेरीस पुरे झाले. त्याला कवीने ‘पॅस्टोरल’ असे उपशीर्षक दिले. गोपकाव्याच्या परंपरेतील बासरी वाजविणारे, प्रेमात पडलेले गुराखी ज्यांच्या ओळखीचे होते, त्या वाचकांपुढे त्याने ऐंशी वर्षांचा, कर्जात सापडलेला म्हातारा उभा केला.

या प्रदेशाची घडण ध्यानी घेतल्याखेरीज मेंढवाड्याचे महत्त्व कळत नाही. दरीच्या तळाशी घरे, थोडी शेते आणि गवताची कुरणे. त्यांच्या वर दगडी गडगा. आणि गडग्याच्या वर उघडा डोंगरमाळ. ‘माळ’ हा आपला शब्द येथे थोडा अडचणीत आणतो. आपला माळ उन्हाने करपलेला असतो, तिकडचा पावसाने भिजलेला. तो सामाईक असतो, पण मोकाट नसतो. खाली ज्याची वहिवाट, त्याच्याच मेंढरांना वर चरण्याचा हक्क. मेंढरांच्या प्रत्येक खांडाचा डोंगरावरील टापू ठरलेला असतो आणि तेथे कुंपण नसताही मेंढरे तो सोडून जात नाहीत, कारण कोकरू आपल्या आईबरोबर हिंडून तो टापू शिकते. या सवयीला तिकडे ‘हीफ’ म्हणतात. म्हणजे दरी आणि डोंगर या दोन गोष्टी नव्हेत. एकाच संसाराचे ते खालचे आणि वरचे अंग होय, आणि दोहोंना जोडणारी जागा म्हणजे मेंढवाडा. २०१७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून. तेथील सौंदर्य मेंढपाळीने घडविलेले आहे, ही गोष्ट त्या निर्णयात मान्य झाली. ‘मायकेल’ने ती दोन शतके आधी सांगितली होती.

मायकेलला निसर्ग कसा दिसतो, हेही या दृष्टीने पाहावे. दक्षिणेचा वारा डोंगरात दबक्या आवाजात घुमू लागला, की इतरांना त्याची दखलही नसते. मायकेलला मात्र मेंढरे आठवतात आणि तो कामाला निघतो. वादळात प्रवासी आडोसा शोधतात, तेच वादळ त्याला वर डोंगरावर बोलावते. येथे संवेदना आहे, आणि ती अत्यंत तीक्ष्ण आहे. पण ती कामाच्या हाताने आलेली आहे. ज्या टेकड्या तो चढला, ज्या जागी त्याने एखादे जनावर वाचविले, त्या त्याच्या मनाचा भाग झाल्या, असे कवी स्पष्ट सांगतो. या प्रेमात जमाखर्चही आहे, हे सांगावयास तो लाजत नाही. मिळकतीची खात्री हा त्या प्रेमाचाच एक घटक आहे असे तो मानतो. आपल्याकडे ‘निसर्गप्रेम’ या शब्दाला जो निरुद्योगी वास येतो, त्याचा येथे मागमूस नाही.

आता कर्जाची गोष्ट. मायकेल आपल्या पुतण्यासाठी जामीन राहिला होता. पुतण्यावर अकस्मात आपत्ती आली आणि जामिनाची रक्कम भरण्याचा प्रसंग मायकेलवर आला. ती त्याच्या एकंदर मत्तेच्या निम्म्याहून थोडी कमी होती. जमिनीचा एक तुकडा विकून मोकळे व्हावे, हा पहिला विचार त्याला सुचतो आणि तो तो टाकून देतो. ही जमीन त्याच्या हाती आली तीच बोजा घेऊन. वयाच्या चाळिशीपर्यंत तिचा निम्माच भाग त्याचा होता. उरलेला त्याने कष्टाने सोडविला. १८७५ च्या दंग्यांचा इतिहास ज्या मुलुखाने पाहिला, तेथील वाचकाला ‘जामीन’ या शब्दाचा अर्थ टीपेवाचून कळतो. मायकेलसारख्या शेतकऱ्यांना तिकडे ‘स्टेट्समन’ म्हणत. नवख्या विद्यार्थ्याची या शब्दाने हटकून फसगत होते, कारण येथे राजकारणाचा काही संबंध नाही. वंशपरंपरेचा, विकता येणारा, परंतु जहागीरदाराला ठराविक देणे लागणारा हा हक्क असे. आपला मिरासदार ध्यानी आणला, तर ‘जमीनदार’ आणि ‘कूळ’ या दोन्ही शब्दांनी न साधणारा अर्थ बराचसा साधतो. दोन्ही पद्धती एकच होत्या असा मात्र याचा अर्थ नव्हे.

विकण्याऐवजी मायकेल आपल्या एकुलत्या मुलाला, अठरा वर्षांच्या ल्यूकला, शहरातील सधन नातलगाकडे पैसा मिळविण्यासाठी धाडतो. टीकाकार सामान्यतः येथे शहराला दोष देऊन पुढे जातात. आमच्या मते काव्याचा खरा पेच त्याच्या अगोदरच पडलेला आहे. एका पारड्यात जमीन आणि दुसऱ्यात मुलगा, अशी निवड करण्याचा प्रसंग आला असता मायकेलने जमीन निवडली. आणि जमीन तरी कशासाठी, तर त्याच मुलाला ती बोजाविना मिळावी यासाठी. टॉमस पूल याला एप्रिल १८०१ मध्ये लिहिलेल्या पत्रात कवीने मायकेलच्या मनातील दोन प्रबळ प्रेमांचा उल्लेख केला आहे : अपत्याचे आणि मिळकतीचे. त्यांपैकी कोणते श्रेष्ठ, याचा निवाडा तो देत नाही. काव्यही देत नाही. मायकेलला दोषी ठरवावे, तर त्याचे सबंध आयुष्य आडवे येते. निर्दोष ठरवावे, तर ल्यूक आडवा येतो.

या काव्यावर घेतलेला सर्वांत कडक आक्षेप रॉजर सेल्स यांचा (१९८३). त्यांचे म्हणणे असे, की या चित्रात वरचा धनी कोठेच दिसत नाही. खेड्यातील सत्तेचे संबंध झाकून ठेवून नाशाचे खापर शहरावर फोडले आहे. १९९१ साली जोनाथन बेट यांनी वर्डस्वर्थची निसर्गदृष्टीच खऱ्या अर्थाने राजकीय आहे, असा उलट पक्ष मांडला. आक्षेप निम्मा खरा आहे, असे म्हणावे लागते. वर्डस्वर्थला कारणे ठाऊक नव्हती असे नाही. सरोवर-प्रदेशाच्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याने स्वच्छ लिहिले आहे, की घरोघरची सूतकताई यंत्रांपुढे टिकली नाही, जोडधंदा गेला, आणि लहान मिराशी विकल्या जाऊन धनिकांच्या हाती गेल्या. काव्यात मायकेलच्या घरी दोन चरखे आहेत, एक लोकरीचा आणि एक जवसाच्या धाग्याचा. आणि एक थांबला तर दुसरा फिरत असतो. चरखे आहेत, पण ते थांबण्याची कथा नाही. तिच्या जागी पुतण्याची आपत्ती आली आहे. ज्या कवीच्या बापाचे चार हजार पौंडांहून अधिक येणे सर जेम्स लौदर या बड्या धन्याने १७८३ पासून बुडवून ठेवले होते आणि जे १८०२ मध्ये त्या धन्याच्या मृत्यूनंतरच मुलांना मिळू लागले, त्याने कर्जाच्या कथेतून वरचा धनी इतका अलगद बाजूला ठेवावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तथापि काव्य भाबडे आहे, हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. ते चार्ल्स जेम्स फॉक्स या पुढाऱ्याकडे पाठविताना, जानेवारी १८०१ मध्ये, लहान मिरासदारांचा वर्ग नाहीसा होत आहे हे कवीने मुद्दाम लिहिले होते. फॉक्सने सौजन्याने उत्तर दिले आणि आपल्याला निर्यमक छंद फारसा मानवत नाही असे कळविले!

काव्याचे खरे दुबळे स्थळ वेगळेच आहे. ल्यूकचा अधःपात पाचसहा ओळींत उरकला आहे : शहर, दुर्वर्तन, लाज, समुद्रापलीकडे पलायन. ज्या कवीने एका दिव्याच्या वर्णनाला याहून अधिक ओळी दिल्या, त्याला मुलासाठी वेळ नसावा? दरीतून पाहिले असता तिच्याबाहेरचे सर्व अंधुक दिसते, असा बचाव करता येईल. इझाबेलला तरी शहराविषयी काय ठाऊक, तर रिचर्ड बेटमन नावाचा गरीब पोर लंडनला गेला, श्रीमंत झाला आणि गावी संगमरवरी फरशीचे देवालय बांधून गेला, एवढेच. हा बचाव आम्हांला पुरेसा वाटत नाही.

परंतु त्यानंतर जे येते, त्यापुढे ही उणीव विसरावी लागते. निघण्याच्या आदल्या सायंकाळी ल्यूकने मेंढवाड्याचा पहिला दगड बसविला होता. बातमी आल्यावर मायकेल सात वर्षे जगतो. मेंढरे पाहतो, जमीन कसतो, अधूनमधून मेंढवाडा बांधतो. आणि कित्येक दिवस तेथे जाऊन एकही दगड न उचलता परत येतो. या ओळीचे मॅथ्यू आर्नल्डने केलेले कौतुक सर्वश्रुत आहे. तिच्या आधीचे शब्द मात्र क्वचितच कोणी पाहतो : ही गोष्ट कवीने पाहिलेली नाही, ‘सर्वांची अशी समजूत आहे’ म्हणून ती सांगितली आहे. म्हणजे ही दरीची साक्ष आहे. मायकेलचे दुःख त्याने कोणाला सांगितले नाही. शेजाऱ्यांनी ते न उचललेल्या दगडांवरून ओळखले. डॉरथीच्या नोंदीप्रमाणे त्या पडक्या मेंढवाड्याचा आकार विषम दुभागलेल्या हृदयासारखा होता. दुसऱ्या एखाद्या कवीने ही उपमा हातची सोडली नसती. वर्डस्वर्थने ती काव्यात येऊ दिली नाही. दगडांचा नुसता ओबडधोबड ढीग, एवढेच तेथे आहे.

दरी ‘शांत’ असल्याचे आपण सहज म्हणून जातो. काव्याच्या आरंभी ओढा खळाळत आहे, शेवटच्या ओळीतही तो खळाळतच आहे. अधल्यामधल्या माणसांचे आवाज तेवढे गेले आहेत. मायकेलमागे इझाबेल तीन वर्षे किंवा थोडी अधिक राहिली आणि तिच्या मृत्यूनंतर मिरास परक्याला विकली गेली. घर होते तेथे नांगर फिरला, दारचा ओक तेवढा उरला. टीकेत इझाबेलचे नाव फारसे येत नाही. पण रोज तिन्हीसांजेला धुराड्याशी दिवा टांगण्याचे काम तिचे होते. तो ईझडेलकडून, डन्मेल खिंडीकडून आणि सरोवराकाठच्या गावातून दिसे, आणि त्यावरूनच दरीतील लोकांनी त्या घराला ‘सांजतारा’ हे नाव दिले होते.