गंगाराम तांबट : एका विशेषणाचा विचार

पेशवेकालीन चित्रकलेच्या विवेचनात गंगाराम चिंतामण तांबट याचा निर्देश बहुधा ‘जेम्स वेल्सचा शिष्य’ असा होतो. हे विशेषण कालक्रमास धरून नाही. स्कॉटिश चित्रकार वेल्स मुंबईस उतरला तो १७९१ मध्ये. पुणे दरबाराशी त्याचा संबंध त्यानंतरचा. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे असून ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो वेल्सच्या आधीपासून चित्रे काढीत होता. यथादर्शन त्याने वेल्सकडून उचलले असेल, रेषा मात्र त्याची स्वतःची.

सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्या १७९२ च्या तैलचित्रात वेल्सचा भर छायाप्रकाशावर व बैठकीच्या ऐश्वर्यावर आहे. गंगाराम रेषेवर विसंबतो. गेंड्याच्या कातडीची घडी न् घडी तो कारागिराच्या सावधपणे नोंदवितो. (तांबट हे आडनाव येथे अगदीच निरर्थक नसावे.) लेण्यांच्या रेखाटनांत हाच गुण कामी आला, आणि तेथे गरज वेल्सला होती असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. वेल्स १७९५ मध्ये निवर्तला. वेरूळची २४ दृश्ये १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रंथाच्या शीर्षकात नावे आली ती वेल्स आणि टॉमस डॅनिएल यांची.